खिळा, नोंद दोनशे चौदा

वखारीचं पहिलं चोपडं उघडलं
तर वास आला. सागाचा नव्हे, तो केव्हाच उडाला;
खळीचा, वाळवीच्या औषधाचा,
आणि कुणाच्या तरी तपकिरीचा.
अर्धी पानं मोडीत, अर्धी गुजरातीत.
लधा मुरजींचा कारकून दाजी पेडणेकर
दोन हातांनी दोन लिप्या लिहायचा म्हणे.
म्हणे. मला दिसतं ते एकच अक्षर, घाईचं.

रूळ यायच्या आधी लाकूड पाण्यानं यायचं.
पडाव लाकडी बंदराच्या चिखलात रुतून
भरतीची वाट बघत राहायचे,
मग ओंडके सोडायचे पाण्यात,
आणि माणसं त्यांवर उभी राहून बांबूनं हाकत आणायची,
म्हशी आणाव्यात तशी.
वखारीत एक खड्डा. एक माणूस वर, एक खाली,
मधे आरा.
वरच्याची नजर रेघेवर, खालच्याच्या डोळ्यांत भुसा.
खालच्याची मजुरी एक आणा कमी,
कारण, दाजी लिहितो, तो सावलीत असतो.

मग रूळ जंगलात गेले.
अडीच फुटांचे, खेळण्यातले वाटावेत असे.
पहिला साग पडला तो पलंगासाठी नाही,
देवळाच्या खांबासाठी नाही;
साग आणायच्या रुळांखाली निजायला.
चार मैलांना किती झाडं?
दाजीनं समासात गणित मांडलंय
आणि खोडलंय.

इंजिनही लाकडावरच चालायचं.
पोटात जंगल, पाठीशी जंगल,
चढावर धापा टाकत, उतारावर ब्रेक करकरवत
मोठ्या लायनीपर्यंत,
तिथून डबे बदलून बंदराच्या गाडीनं
थेट आमच्या दारात.
दाराचा एक खांब त्यासाठी काढावा लागला.

त्याच साली वाफेचा आरा आला,
विलायती गवतात गुंडाळून.
गवत लधाशेठच्या घोड्यानं खाल्लं.
खड्डा बुजवला, भुशानंच.
वरचा माणूस, तातू घाडी, मिस्त्री झाला.
खालचा, धाकू, तेव्हा कुठे उजेडात आला
आणि त्याला ओंडके ढकलायला ठेवला.

नोंद दोनशे चौदा.
गोल सागाचा, घेर सात फूट, ठसा पुसट.
आत खिळा.
पात्याचे दात: अकरा.
गिरणी बंद: अडीच दिवस.
धाकूची बोटं: दोन.
दातांपुढे रुपये, दिवसांपुढे रुपये,
बोटांपुढे रकाना कोरा.

कुणी ठोकला असेल?
कुणी आपला ताप झाडाला बांधला असेल,
कुणी हद्द आखली असेल, कुणी शिंकं टांगलं असेल
आणि उतरवायला परत आलं नसेल.
झाड काही बोललं नाही. दरसाल एक वळं चढवत
त्यानं ते लोखंड आत घेतलं.
इस्पितळातून आल्यावर धाकूनं वळी मोजली:
खिळ्यापासून सालीपर्यंत साठ.
म्हणजे रूळ नव्हते, इंजिन नव्हतं,
धाकूचा बाप नुकता रांगत असेल,
तेव्हापासून हा खिळा
मुंबईकडे निघालेला.

हे दाजीनं का लिहून ठेवलं, कळत नाही.
लाकडाच्या हिशेबात वळ्यांना भाव नसतो.

खिळा माझ्याकडे आहे. चौकोनी, हातघडाईचा.
पंख्याच्या वाऱ्यानं चोपडं उडू नये म्हणून
त्यावर ठेवतो.

परवा नव्या इमारतीचा पाया खणताना
दहा फुटांवर यंत्राच्या सुपात पिवळं काही आलं.
ओलं. मऊ.
मी वाकून मूठभर उचललं, नाकाशी नेलं.
साग.
इंजिनिअर पोरगा चांगला होता. त्यानं विचारलं,
काका, ही माती कसली?
मी म्हटलं, खालच्याची.
तो थोडा थांबला,
आणि मग वहीत लिहिलं:
भराव.